हणमंतआबांचं मागल्या दाराचं औषध

आमच्या शेजारचे हणमंतआबा कुणाच्याही घरी गेले, की पाण्याचा तांब्या घ्यायच्या आधी संडास बघून येतात. नुसते बघत नाहीत. आत शिरून कडी लावतात, नळ सोडतात आणि बाहेर येऊन निकाल देतात, "कडी लागती. पाणी हाय." एवढं ऐकलं की समजायचं, आबा आता बसणार.

आमच्या कन्हेरी गावातल्याच एका मुलासाठी मुलगी बघायला गेलो होतो. पोह्यांच्या बशा आल्या तरी आबांचा पत्ता नाही. मुलीचे वडील कावरेबावरे झाले. शेवटी आबा मागच्या अंगणातून मिशा पुसत आले नि म्हणाले, "माणसं चांगली हायेत. पोरगी करा." मुलीचा चेहरा त्यांनी अजून पाहिलाही नव्हता. ते लग्न झालं आणि संसार झकास चाललाय, हेही सांगितलं पाहिजे.

उसाच्या फडात हाका मारून मारून आबांचा आवाज असा झालाय, की ते हळू बोलले तरी पलीकडच्या वस्तीवर ऐकू जातं. गावात कुणाचा गुडघा धरलाय, कुणाला पित्त झालंय, सगळ्याची चौकशी भर रस्त्यात. स्वतःबद्दल मात्र एक शब्द नाही. बायको गेल्यापासून घरात एकटेच. ते दिवसेंदिवस वाळत चालले, तरी आम्ही आपले म्हणायचो, वयच झालं.

एका सकाळी माझ्या दारात येऊन म्हणाले, "मास्तर, गाडी काढा. बारामतीला जायचंय." चेहरा पार पांढरा पडलेला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण निघाल्या, आबांच्या मुलीच्या वयाच्या. आबांनी पटकन सांगितलं, "गुडघा दुखतोय." बाईंनी डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून बघितल्या आणि विचारलं, "आबा, संडासवाटे रक्त जातं का?"

आबांनी माझ्याकडं पाहिलं. मी उठायला लागलो, तर माझं मनगट धरून त्यांनी मला खाली बसवलं. मग म्हणाले, "व्हय." माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना, इतक्या हळू. कैक वर्षं ते मूळव्याध समजून पाला खात होते.

दुर्बिणीची तपासणी झाली. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाला सूज आणि जखमा निघाल्या. बाईंनी नळीच्या तोंडाच्या लहान बाटल्या लिहून दिल्या.

"चहाच्या आदी घ्यायचं का नंतर?" आबांनी विचारलं.

"आबा, हे तोंडानं घ्यायचं नाही."

आबांनी भिंतीवरच्या आतड्याच्या चित्राकडं पाहिलं, बाटलीकडं पाहिलं. "म्हंजी मागल्या दारानं?"

"मागल्या दारानं," बाई न हसता म्हणाल्या. मग नीट समजावलं. झोपायच्या आधी संडासला जाऊन यायचं. बाटली हलवायची. डाव्या कुशीवर पडून उजवा गुडघा पोटाशी घ्यायचा. नळीच्या टोकाला जेली लावायची, हलकेच आत सारायची, औषध सावकाश दाबायचं आणि तसंच पडून राहायचं. "दिवसातून एकदाच. यात स्टेरॉईड आहे. मनानं वाढवायचं नाही, मनानं बंदही करायचं नाही. ताप आला तर मला कळवायचं. यानं रोगाशी लढायची ताकद कमी होते, म्हणून कांजण्या आलेल्या माणसाच्या जवळ जायचं नाही. आणि दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडं गेलात तर हे औषध चालू आहे म्हणून सांगायचं."

"सगळ्यांना सांगायचं?" आबा घाबरले.

"डॉक्टरांना, आबा. गावाला नाही."

औषधानं गुण आला. रक्त थांबलं, जेवण वाढलं. आबा इतके तरतरीत झाले, की एक दिवस पहाटे त्यांनी स्वतःचा गोठा धुतला आणि मग आमचाही. दुसऱ्या दिवशी बघतो तर आमचाच गोठा पुन्हा धुतायत. चेहरा भाकरीसारखा गोल दिसायला लागला होता, आणि झोप येत नाही म्हणत होते. तेवढ्यात औषधाच्या दुकानदारानं मला हटकलं, "मास्तर, आबांच्या बाटल्या एवढ्या लवकर संपल्याच कशा? बाईंना दाखवल्याशिवाय मी आता देणार नाही."

आबा सकाळ-संध्याकाळ घेत होते.

बाईंनी रक्त तपासलं तर साखर चढलेली. त्या चांगल्याच रागावल्या. आबा खाली मान घालून म्हणाले, "नातीचा वाढदिवस जवळ आलाय. आजपातुर एकदाबी जायला जमलं न्हाय. वाटंतच उतरावं लागतं. या टायमाला पक्कं बरं व्हायचं हुतं."

बाईंचा राग तिथंच विरला. "आता एकदम थांबवू नका, ते आणखी वाईट. मी सांगेन तसं हळूहळू कमी करू."

आबा शहाण्यासारखे वागले. साखर उतरली, झोप यायला लागली. नातीसाठी फ्रॉक आणला. आणि वाढदिवसाच्या आदल्या दिवशी लोणी देवकरहून त्यांच्या मुलीचा, संगीताचा फोन आला. नातीला, ओवीला कांजण्या निघाल्या होत्या.

मी लगेच बाईंना फोन लावून दिला. त्यांनी एकच विचारलं, "आबा, तुम्हाला लहानपणी कांजण्या झाल्या होत्या का?"

"आय असती तर तिनं सांगितलं असतं," आबा म्हणाले.

"मग ओवीच्या जवळ जायचं नाही."

फोन ठेवून आबांनी पायात वहाणा घातल्या. मग म्हणाले, "जवळ जायाचं न्हाय म्हणल्यात. लोणीला जायाचं न्हाय असं न्हाय म्हणल्या. काढा गाडी."

संगीताचा नवरा तिथल्या एका कारखान्यात आहे. त्यांचं बिऱ्हाड दुसऱ्या मजल्यावर. आबा रस्त्याच्या पलीकडं उभे राहिले आणि हाक मारली. गॅलरीत ओवी आली, तोंडभर गुलाबी औषधाचे ठिपके. मागं संगीता.

"वर या की," संगीता म्हणाली.

"जमायचं न्हाय."

"दारापर्यंत येऊन बी जमायचं न्हाय?" तिचा आवाज चिरका झाला. "तुमचं कदीच जमत न्हाय, आबा. माझ्या पाठवणीला सुदिक न्हवता. मी गाडीच्या काचंतनं मागं बघत हुते."

आजूबाजूच्या गॅलऱ्यांत माणसं आली होती. खाली पानटपरीवरची गिऱ्हाइकं थांबली होती. आबांनी माझ्याकडं बघितलं, दवाखान्यात बघितलं होतं तसंच.

मग त्यांनी फडातला आवाज काढला.

"पोरी, माझ्या आतड्याला जखमा हायेत! लई वर्सं झाली! बसल्या जागंवरनं पळावं लागतंय! आता मागल्या दारानं औषध घेतोय! त्यात स्टेरॉईड हाय, म्हणून कांजण्यावाल्याजवळ जायाचं न्हाय! डॉक्टरीणबाईचा हुकूम हाय!"

टपरीवाल्यानं हातातलं पान तसंच धरलं होतं.

संगीता कठड्याला धरून उभी होती. "पाठवणीच्या टायमाला...?" तिनं विचारलं.

"कार्यालयाच्या मागं हुतो," आबा म्हणाले. आता त्यांचा आवाज फारच खाली आला होता. "तुझी गाडी निघाल्याली ऐकू आली. कडी काढून पळत आलो तवर फाटकाबाहेर गेल्ती. लांबपातुर पळालो मागं. तुला दिसलो नसंन."

संगीतानं पदर तोंडाला लावला.

ओवी कठड्यावरून वाकून ओरडली, "आबा, मोठ्यानं बोला ना! मम्मी का रडतीय?"