मेश्रामसरांच्या तीन चाली

मेश्रामसर बोलताना तोंडापुढे लॅमिनेट केलेला कागद धरतात. सर्दी-खोकल्यामुळे नव्हे, कोणी ओठ वाचू नयेत म्हणून. कॅफेटेरियात कॉफी मागताना धरतात, मीटिंगमध्ये नुसतं 'येस' म्हणतानाही धरतात. एकदा इंडियन स्टोअरमध्ये त्यांनी कागदाआडून विचारलं, भेंडी ताजी आहे का. काउंटरवरच्या गुजराती बेननी आधी दोन्हीकडे पाहून घेतलं आणि आवाज खाली आणून सांगितलं, बाहेरची घेऊ नका, आतून देते. ती भेंडी खरंच कोवळी निघाली. तेव्हापासून तर कागद सुटण्याची आशाच संपली.

ही सवय त्यांना फुटबॉलने लावली. इथल्या, अमेरिकेतल्या फुटबॉलने, ज्यात पायाचं काम फक्त पळण्यापुरतं असतं आणि चेंडू हातात असतो. टीव्हीवरचे कोच असेच तोंड झाकून बोलतात, नाहीतर समोरच्यांना चाल कळते. मी सरांना एकदा म्हटलं की तुमच्या चालींची नावं मराठी आहेत, आणि अख्ख्या मैदानावर मराठी समजणारा मी एकटाच. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलतानाही कागद धरू लागले.

मेश्रामसर मूळचे नागपूरच्या इंदोरा भागातले. सांता क्लारात आमच्या कंपनीत चिप टेस्ट करतात. वय त्रेपन्न, अंगाने बारीक. फोन उचलताना 'जय भीम' म्हणतात, पलीकडे क्रेडिट कार्ड विकणारा का असेना. काकू नागपूरला शाळेत मुख्याध्यापिका आहेत, रिटायर व्हायला तीन वर्षं बाकी आहेत, आणि शाळा सोडून त्या येणार नाहीत. त्यामुळे सर एका बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये एकटेच राहतात. त्यांचा लाडका शब्द 'नोंद'. टेस्टिंगच्या माणसाला कशातही बिघाड दिसतो, आणि दिसला की लिहून ठेवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. आमच्या लिफ्टचं दार कोणत्या मजल्यावर किती वेळ उघडं राहतं, तेही त्यांच्याकडे लिहिलेलं आहे. कोणी वाद घालायला लागलं की "नोंद आहे, भाऊ," एवढंच म्हणतात, आणि वाद तिथेच मरतो.

आमच्या ऑफिसची एक फ्लॅग फुटबॉल टीम आहे. या प्रकारात कोणी कोणाला पाडत नाही. प्रत्येकाच्या कमरेला फिती लटकतात, चेंडू घेऊन पळणाऱ्याची फीत ओढली की तो तिथे थांबला. खुर्चीत वाढलेल्या पोटांना झेपेल असा खेळ. शनिवारी सकाळी आसपासच्या कंपन्यांच्या टीम एकमेकींशी खेळतात. आमच्याकडे चेंडू फेकते ती केली, एचआरमधली. झेलायला गुरप्रीत, उंच, वेगवान, आणि आईचा फोन येऊन गेला की साफ कोसळणारा. मी सेंटर, म्हणजे वाकून दोन पायांमधून चेंडू मागे देणारा. पाच वर्षं खेळतोय, पण मी नेमकं काय करतो ते घरी आईला अजून सांगितलेलं नाही.

आणि डग आमचा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर. चेंडू आपल्याकडे असताना कोणी कुठे पळायचं, चेंडू कोणाला द्यायचा, हे सगळं तो ठरवायचा. डगकडे बेचाळीस चाली होत्या, प्रत्येकीला नंबर. सहाच्या वर कोणाला आठवत नसत, पण बेचाळीस आहेत या विचाराने धीर यायचा. मेश्रामसर त्याचे असिस्टंट, म्हणजे शेजारी उभं राहून प्रत्येक चाल रजिस्टरमध्ये लिहिणारे. डग त्यांना 'मेश' म्हणायचा आणि मॅच झाली की आपल्या ट्रकमधून घरी सोडायचा, कारण सर ड्राइव्ह करत नाहीत. ड्रायव्हिंग टेस्ट त्यांनी तीनदा दिली, आणि तिन्ही वेळा परीक्षकाच्या चुका लिहून दिल्या.

एका गुरुवारी कंपनीने माणसं कमी केली. त्यात डग गेला. त्याला ते सांगायचं काम केलीकडे आलं. तिने बारा मिनिटांत सगळं नियमाप्रमाणे पार पाडलं आणि उठताना सवयीने विचारलं, शनिवारी येतोयस ना? हे तिनेच आम्हाला नंतर मैदानावर, गवतावर बसून, सांगितलं. डग अर्थातच आला नव्हता.

त्या शनिवारी आम्ही प्रत्येकाने स्वतःची चाल आणली होती. दोघे एकाच जागी पळाले आणि एकमेकांवर आदळले. केलीने चेंडू फेकला तिथे कोणी नव्हतं, आणि गुरप्रीत जिथे होता तिथे दुसरी मॅच चालू होती. मी एकदा चेंडू मागे दिला तेव्हा मागेही कोणी नव्हतं. अठ्ठावीस-शून्य हरलो. सोमवारी केलीने रीतसर मीटिंग बोलावली. बोर्डवर 'काय चांगलं झालं' असा रकाना होता. बराच वेळ तो रिकामाच राहिला, मग कोणीतरी उठून 'हवा' असं लिहिलं.

तेव्हा मेश्रामसरांनी रजिस्टर उघडलं. आम्हाला वाटत होतं त्यात डगच्या चालींच्या आकृत्या असतील. आकृती एकही नव्हती. नोंदी मराठीत होत्या, म्हणून मला इंग्रजी करून सांगावं लागलं. चाल सतरा: चेंडू सुटला, गुरप्रीतची झोप झालेली नाही. चाल एकोणतीस: केलीने फेकलाच नाही, डावीकडे ऊन आहे, ती गॉगल विसरते आणि सांगत नाही. चाल नऊ: जमली, सेंटरला घरून काही चांगलं कळलं असावं. हे वाचून मी थांबलो. त्या आठवड्यात माझी मुलगी पहिल्यांदा चालली होती, आणि ऑफिसात मी कोणाला सांगितलं नव्हतं.

दोन वर्षांची पानं अशीच भरलेली होती. केलीने विचारलं, मग आता काय करायचं.

सर माझ्याकडे वळून म्हणाले, "डगच्या चाली चांगल्या होत्या, भाऊ. पण त्या ताज्या माणसांसाठी होत्या. आपल्याकडे थकून राहिलेली माणसं आहेत. यांना सांगा."

मी सांगितलं. कोणाला राग आला नाही. गुरप्रीतने तर मान डोलावली.

सरांनी बेचाळीस चाली रद्द केल्या आणि तीन ठेवल्या. नंबर नकोत, नंबर पाहिले की लोकांना ऑफिस आठवतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून नावं दिली. 'पोहे' म्हणजे जवळच्या माणसाला छोटा पास, कोणालाही पचेल असा. 'तर्री' म्हणजे केलीने चेंडू गुरप्रीतच्या हातातच द्यायचा आणि त्याने डावीकडून सुसाट सुटायचं. फेकायचं नाही, त्यामुळे उन्हाचा प्रश्न नाही. 'सांबारवडी' म्हणजे गुरप्रीतने उजवीकडून लांब जायचं आणि केलीने त्याच्याकडे उंच फेकायचा. नावं लक्षात राहावीत म्हणून सरांनी टीमला रविवारी घरी बोलावलं आणि तिन्ही चाली खाऊ घातल्या: पोहे, त्यावर झणझणीत रश्शाची तर्री आणि कोथिंबिरीची सांबारवडी. तर्री प्यायल्यावर गुरप्रीत बराच वेळ बाल्कनीत उभा होता. ती चाल तो पुढे कधीच विसरला नाही.

मॅचच्या दिवशी सर गेटजवळ उभे राहायचे आणि येणाऱ्या प्रत्येकाला नीट न्याहाळायचे. झोप झाली का, घरी काय चाललंय, असं मोघम विचारायचे आणि त्यावरून चाली ठरवायचे. गुरप्रीतच्या आईचा फोन येऊन गेला असेल तर हाफटाइमपर्यंत नुसते पोहे. केली आदल्या दिवशी कोणाला कामावरून काढून आली असेल तर तिच्याकडून एकही लांब चेंडू फेकवायचा नाही. तिचा नेम चुकतो, असं त्यांचं निरीक्षण होतं. ही पद्धत कोणत्याही कोचला सांगितली तर तो हसेल. आम्ही ओळीने चार मॅच जिंकलो.

दीड महिन्याने डगला नोकरी मिळाली, ती रस्त्यापलीकडच्या कंपनीत. त्यांचीही टीम होती, आणि आमची शेवटची मॅच त्यांच्याशीच होती. जिंकेल तो पुढे जाणार, हरेल त्याचा सीझन संपला. डग आम्हाला आतून-बाहेरून ओळखत होता. सरांचा कागद आला तो त्या मॅचच्या आठवड्यात. लॅमिनेट करायला त्यांनी ऑफिसचं मशीन वापरलं आणि जाताना ते किती गरम होतं तेही लिहून ठेवलं.

मॅचला त्यांचा एक माणूस कमी पडला, म्हणून डग स्वतःच खेळायला उतरला, आमच्या उजव्या बाजूला. पन्नाशीचा, धिप्पाड, त्यामुळे हळू पळणारा. केली 'टॅरी' असं ओरडली की तो विचारात पडायचा. एकदा तर त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला अर्थ सांगून टाकावासा वाटला. मॅच अटीतटीची झाली. शेवटी ते अठरा, आम्ही तेरा, चेंडू आमच्याकडे, रेषा दहा पावलांवर आणि एकच चाल खेळण्याइतका वेळ. चेंडू रेषेपार गेला की सहा गुण, म्हणजे आम्ही जिंकलो.

काय करायचं हे शाळकरी पोरालाही कळलं असतं. डावीकडे त्यांचे तीन जण, तिघेही चपळ. उजवीकडे एकटा डग. समोर गुरप्रीत, रात्रभर झोपलेला, आईचा फोन न आलेला. सांबारवडीसाठी असा दिवस पुन्हा उगवला नसता. सर कागद तोंडापुढे धरून आमच्यात आले. त्यांनी एकदा उजवीकडे पाहिलं.

"तर्री," ते म्हणाले.

केलीला वाटलं, तिला नीट ऐकू आलं नाही. तिने पुन्हा विचारलं. सरांनी पुन्हा तेच सांगितलं. मी वाकलो, चेंडू मागे दिला, केलीने तो गुरप्रीतच्या हातात ठेवला, आणि तो डावीकडे सुटला. रेषा दोन पावलांवर असताना त्याची फीत ओढली गेली.

केली पाण्याची बाटली घेऊन लांब जाऊन बसली. गुरप्रीत फीत हातात घेऊन बघत राहिला. सर पलीकडे गेले, डगशी हात मिळवला आणि परत येऊन माझ्या गाडीपाशी उभे राहिले, कारण डग गेल्यापासून त्यांना घरी मीच सोडत होतो.

मी चिडलो होतो. तिसऱ्या सिग्नलला विचारलं, की सर, डग एकटा होता, तो डोळ्यांसमोर होता, मग का?

"त्याचा उजवा गुडघा दुखून राहिला," सर म्हणाले. "गुरप्रीत त्याच्या बाजूने गेला असता तर त्याला झटकन वळावं लागलं असतं. तो वळला असता, भाऊ. सोडणारा माणूस नाही तो."

मी म्हटलं, मला तर तो लंगडताना दिसला नाही.

"मैदानात लपवतो. मंगळवारी पायऱ्या उतरताना दिसला."

मंगळवारी जेवणाच्या वेळी सर जागेवर नसतात हे मला ठाऊक होतं. मी समजत होतो, दातांच्या डॉक्टरकडे जातात. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. डगची नोकरी गेली त्याच्या पुढच्या मंगळवारी सर दोन बस बदलून, डबा घेऊन त्याच्या घरी गेले होते. दुपारचा एक वाजला होता आणि डगने झोपायच्या कपड्यांत दार उघडलं. त्याला वाटलं, कंपनीने कशावर तरी सही घ्यायला माणूस पाठवलाय. नोकरी नव्हती ते सगळे मंगळवार सर गेले. नवी नोकरी लागल्यावरही ते थांबलं नाही, फक्त जागा बदलली. आता सर रस्ता ओलांडतात, डग जिना उतरून येतो, आणि दोघे खालच्या बाकावर बसतात. फुटबॉल हा शब्द काढायचा नाही, असं मॅचआधी दोघांचं ठरलेलं होतं.

मी विचारलं, मग बोलता काय?

"काही नाही. जेवतो."

त्यांची बिल्डिंग आली. मी गाडी कडेला लावली. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, मंगळवारच का निवडला.

सरांनी सीटबेल्ट सोडला.

"मला सगळेच दिवस चालतात," ते म्हणाले. "त्याला मंगळवार जमतो."

मग मी म्हटलं की मला गुरुवार जमेल.

सरांनी मान हलवली, बरं म्हणाले आणि उतरले. दार लावलं. चार पावलं गेले, परत आले, दार उघडून आत वाकले आणि विचारलं, तिखट किती चालतं.