पंगतनगर आणि त्याचा तक्रारखाना यांची हकीकत

श्रीगजवदनाचे स्मरण करून, कुलस्वामिनीस वंदून आणि मध्येच वीज जाणार नाही ऐशी आशा धरून ही हकीकत लिहिली आहे. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, आश्विन शुद्ध दशमी, ते दिवशी तन्मयराव वडके यांनी महाजालाचे पृथ्वीवर पंगत नामे नगर वसविले. ऐसे नगर पूर्वी कोणी वसविले नाही, पुढे कोणाकडून होणे नाही. चहू दिशांचे यजमान आणि चहू दिशांचे आचारी एके ठायी मिळावे, यजमानाने मोबाइलावर बोट लावावे आणि आचाऱ्याने पातेली घेऊन दारी उभे राहावे, ऐसा त्या नगराचा प्रताप. रंग नारिंगी, वेशीवर केळीच्या पानाचे चित्र, पानावर वरणभात, वरून तुपाची धार, आणि ती धार हलत असे. वेशीचे दार मात्र उघडत नव्हते.

तन्मयरावांस सर्वत्र सरकार म्हणत, म्हणजे ते स्वतः म्हणवून घेत आणि बाकीचे अडवीत नसत. वय तेहतीस. पूर्वी परमुलखी थोर कंपनीत चाकरीस होते, तेथे दुसऱ्यांची कामे पुरी करून करून जीव विटला, आणि मग आपले स्वतःचे काहीतरी असावे, अपुरे का होईना, ऐसे मनात येऊन स्वदेशी परतले. राजधानी पिठाच्या गिरणीवरील दोन खोल्यांत होती. सरलष्कर ऋजुता कर्णिक. नगराचे यंत्र त्या एकट्याच बांधीत. फौजेत दुसरे कोणी नव्हते, सबब हुकूम वाचून दाखवीत त्याच आणि पाळीत त्याच. राज्यास आश्रय सरकारांचे सासरे अण्णासाहेब कोटणीस यांचा. अण्णासाहेबांचे बाजारपेठेत चष्म्यांचे दुकान, चाळीस वर्षे चाललेले, आणि त्यांस डोळ्यांस न दिसणाऱ्या वस्तूवर विश्वास ठेवण्याचा अनुभव नव्हता. परंतु एकुलत्या कन्येचे, अनघाबाईंचे, तोंड पाहून त्यांनी जावयाचे डोईवर हात ठेवला होता.

मग कार्तिकमासी पहिले परचक्र आले. लीलाताई धोंगडे म्हणून निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांच्या धाकट्या सुनेचे डोहाळजेवण, सव्वाशे पान. आचारी मिळावा म्हणून त्या नगरात शिरू गेल्या, आणि जे घडले ते त्यांनी गावच्या मोबाइलातील गटावर, जेथे हजार माणसे फुकट बसलेली असतात, तेथे लिहून काढिले. त्यांनी लिहिले, "गाव निवडा म्हणाले, निवडले. पदार्थ निवडा म्हणाले, निवडले. मग एक चाक फिरू लागले. मी कुकर लावला. तीन शिट्ट्या झाल्या. कुकर उतरवला, वाफ गेली, वरण फोडणीला टाकले. चाक फिरतेच आहे. हे काय आहे?"

हे वाचून सरकारांची मर्जी खप्पा जाहली. दुसरा कोणी असता तर त्याने चाक पाहिले असते. सरकारांनी लेखणी पाहिली. दोन दिवस बसून चौदा कलमांचे उत्तर रचिले, त्यात पहिल्या कलमात टीकेचे स्वागत आणि उरलेल्या तेरांत टीकाकाराचा समाचार. नगर अपुरे नाही, ते नित्य होत राहणारे आहे, चाक फिरते हा दोष नसून नगर जिवंत असल्याची खूण आहे, ज्यांस कुकराची घाई त्यांस युगांतराची काय कल्पना, ऐसा मजकूर. लीलाताईंनी उलट टपाली लिहिले, "उत्तर वाचले. अक्षर वळणदार असावे असे वाटते. आचारी?" तेव्हा ऋजुताबाई हुजुरात गेल्या आणि म्हणाल्या, "सर, चाक चार दिवसांत थांबवते. फक्त चार दिवस मला दुसरे काही सांगू नका." सरकार म्हणाले, "आत्ता चाक थांबवले तर लोक म्हणतील, बाई बोलल्या म्हणून थांबवले." ही मसलत ऐकून ऋजुताबाईंनी चष्मा काढून पुसला. मग सरकारांनी दुसरा हुकूम केला, की टीका उघड्या चावडीवर नको, ती आपल्या तटाच्या आत व्हावी, म्हणजे उत्तर देण्यास जवळ पडते; सबब नगरात एक तक्रारखाना बांधावा. ऋजुताबाईंस राग आला होता, म्हणून त्यांनी काही शोभा केली नाही. एक चौकोन, त्यात लिहावे, खाली एक बटण, ते दाबावे, की लिहिलेले सर्वांस दिसावे. आणि सरकार त्या दिवसांत उत्तरे रचण्यात गुंतल्याकारणाने त्यांनी त्या कामात लक्ष घातले नाही, म्हणून ते दोन दिवसांत पुरे जाहले आणि चालू लागले.

तक्रारखान्यात पहिली तक्रार लीलाताईंनी पुन्हा नव्याने नोंदविली, सव्वाशे पानांची तारीख घालून. दुसरी तक्रार वामन आचारी यांची. त्यांनी लिहिले, "माझे नाव नगरात चढत नाही. फोटो मागतात. फोटो दिला तर चेहरा दिसत नाही म्हणतात. मी पातेल्यामागे उभा आहे, चेहरा कसा दिसेल? पाचशे पानांपर्यंत करतो, मसालेभात आणि अळूची भाजी खास, कार्तिकात मोकळा आहे." खाली आपला नंबर. लीलाताईंनी दुसरी तक्रार वाचली, नंबर फिरविला, डोहाळजेवण यथासांग पार पडले, आणि त्यांनी तिसरी तक्रार लिहिली की अळूची भाजी उत्तम, चाक अजून फिरते. हे इतरांनी वाचले. आणि मग ज्यास आचारी पाहिजे तो तक्रार करू लागला, आणि ज्या आचाऱ्यास काम पाहिजे तोही तक्रार करू लागला. जागा तक्रारीची, तेव्हा आरंभी तक्रार घालावी ऐसा आपोआप रिवाज पडला, आणि ज्यांची काही तक्रार नव्हती ते भले लोक संकोचून एखादी घालीत. एकाने लिहिले, "तक्रार तशी काही नाही, पण पद्धत म्हणून: रंग जरा भडक आहे. वास्तुशांतीला ऐंशी पान, पुरणपोळी करणारे कोणी आहे का?" त्याखाली भोरच्या एका बाईने लिहिले, "रंग भडक आहेच. मी करते. दोनशे पोळ्यांपर्यंत एकटी."

सरकारांस यातले काही ठाऊक नव्हते. कारण सरकार प्रत्येक तक्रारीची पहिली ओळ वाचीत, तीतच क्रोध येई, आणि पुढे न वाचता उत्तरास बसत. रंग भडक म्हणणारास त्यांनी नारिंगी रंगाची थोरवी तीन पानांत कळविली. आचारी आणि यजमान ती उत्तरे ओलांडून एकमेकांस नंबर देत.

ऐसे चालले असता अण्णासाहेबांचे सहस्रचंद्रदर्शन आले. मार्गशीर्ष वद्य पंचमी ठरली, दोनशे पान. घरी जेवताना अण्णासाहेबांनी सहज विचारले की लीलाताई परवा चष्म्याचा नंबर तपासायला दुकानी आल्या होत्या, त्या कसल्याशा चाकाचे बोलत होत्या, ते काय. सरकारांनी भाताचा घास खाली ठेविला आणि प्रतिज्ञा केली, की या सोहळ्याचा आचारी पंगतनगरातूनच येईल, अन्य ठिकाणचा आला तर आपण राज्य सोडू. अनघाबाई म्हणाल्या, "अहो, भात निवतोय." अण्णासाहेब म्हणाले, "जावईबापू, आचारी तुमच्या तिथून आला तर वर्षभर पुढे चालवा, मी आहे. नाही आला तर पौषापासून दुकानात काउंटरला या. तिथे माणूस हवाच आहे." सरकार मान्य म्हणाले. ते जेवण मग कोणास फारसे गेले नाही.

दिवस सरत गेले. सरकार रोज राजधानीत बसून स्वतःच्या नगरात आचारी शोधीत, आणि चाक फिरे. ऋजुताबाईंनी चाकास हात घालावा तर एकशे तिसाव्या टीकाकारास उत्तर टंकून देण्याचा हुकूम येई. घरी अनघाबाई विचारीत, आचाऱ्याचे काय. सरकार म्हणत, होत आहे. त्या म्हणत, कालही होत होते. सोहळ्यास आठ दिवस राहिले, काकू-मावश्यांस आवतणे गेली, आणि बापाच्या ऐंशीच्या वर्षी दोनशे माणसे पानावर रिकामी बसतील हे चित्र अनघाबाईंच्या डोळ्यांपुढून हलेना. तेव्हा त्यांनी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या, नाव न घालता, तक्रार क्रमांक एकशे एकेचाळीस लिहिली: "या नगराचा मालक घरी वेळेवर येत नाही. सहस्रचंद्रदर्शनाला दोनशे पान, वद्य पंचमी, जिलबी-मठ्ठा हवाच." खाली फक्त आपला नंबर. अर्ध्या घटकेत वामन आचाऱ्यांचा फोन आला. त्याच सायंकाळी सरकारांचे उत्तरही आले. पहिली ओळ वाचून त्यांनी लिहिले होते, की युगप्रवर्तक पुरुष घरी वेळेवर जात नसतात, आणि ज्या कोणा क्षुद्र मनुष्यास ही चौकशी आहे त्याने आपला संसार पाहावा. अनघाबाईंनी ते उत्तर वाचले, दोनदा वाचले, आणि रात्रीच्या पोळ्यांस कणीक मळली.

पंचमीस प्रातःकाळी वामन आचारी चार माणसांसह पातेली घेऊन मंगल कार्यालयाच्या दारी उभे. सरकारांनी त्यांस एकीकडे घेऊन विचारले, "तुम्ही पंगतवरूनच आलात ना?" वामनराव म्हणाले, "तिथूनच की, साहेब." बस्स. सरकारांस वाटले, चाक थांबले, यंत्र फळास आले, शत्रू पालथे पडले. ते मंडपात ऐसे फिरू लागले की पाहुण्यांस नवरदेव कोण हा प्रश्न पडावा. पंगत बसली, मसालेभात फिरला, आणि मग घरच्या चालीप्रमाणे आचाऱ्यास शाल-नारळ देण्यास पानांसमोर बोलाविले. अण्णासाहेबांनी शाल घातली आणि म्हणाले, "आमचे जावई म्हणतात तुम्ही त्यांच्या नगरातून आलात. कसे आलात ते चार लोकांना सांगा." वामनरावांनी हात पुसले. "तक्रारीतून आलो साहेब. एकशे एकेचाळीस नंबरची. कोण बाईंचा नवरा घरी वेळेवर येत नाही, तिथून. आम्ही सगळे तक्रारीतूनच जातो. बाकी तिथे काही उघडत नाही."

दोनशे माणसे हसली. अनघाबाई पानातील लिंबाची फोड पिळीत राहिल्या. पाहुण्यांत ऋजुताबाई होत्या, त्या हळूच म्हणाल्या, "सर, चौतीस कार्ये झाली तिथून." अण्णासाहेबांनी हात वर करून लोकांस शांत केले आणि जावयास म्हणाले, "शब्द तो शब्द. आचारी तुमच्याकडूनच आला. वर्षभर चालवा. फक्त ती वेस, ते चाक, सगळे काढून टाका. एक तक्रारखाना ठेवा, आणि त्याला हात लावू नका."

सरकार हात धुण्याच्या जागी गेले, आणि तेथे नळापाशी उभे राहून त्यांनी एकशे एकेचाळीस तक्रारी प्रथमच शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्या. भोरची बाई, पुरणपोळीवाला गृहस्थ, श्राद्धाला सोवळ्यातला आचारी शोधणारा एकटा मुलगा, आणि त्याला रात्रीतून मिळालेले तीन नंबर. जे नगर वसविण्याची त्यांची इच्छा होती ते वसलेले होते, गजबजलेले होते, आणि त्याच्या मध्यभागी त्यांची स्वतःची लांब लांब उत्तरे पडलेल्या भिंतींसारखी आडवी होती. एकशे एकेचाळीसपाशी येऊन त्यांनी आपले उत्तर वाचले, आणि बायको कोठे आहे हे पाहण्यास मान वर केली. ती जिलबी वाढीत होती. त्या क्षणी सरकार अण्णासाहेबांचे म्हणणे मान्य करणार होते. इतक्यात एकशे बेचाळिसावी तक्रार आली. पाहुण्यांत लीलाताईही होत्या, आणि जिलबी येईपर्यंत त्यांचे हात मोकळे होते. त्यांनी लिहिले होते, "मालक आता यात सुधारणा करतील असे वाटते. कृपया करू नयेत."

टीका सरकारांनी पुष्कळ सोसली होती, हे सोसवेना. अण्णासाहेबांस ते म्हणाले, वेस काढतो, चाक काढतो, तक्रारखाना ठेवतो, परंतु त्यास थोडे नीटनेटके रूप द्यावे लागेल. अण्णासाहेब म्हणाले, "हात लावू नका म्हटले होते." सरकार म्हणाले, थोडेच. ऋजुताबाईंनी पुष्कळ विनविले. मग पौषमासी सरकारांनी स्वतः जातीने लक्ष घातले. तक्रारीचा प्रकार निवडा, उपप्रकार निवडा, तक्रारदाराचा चेहरा दिसेल ऐसा फोटो जोडा, आचारी असल्यास पातेल्यापुढे उभे राहावे, ऐशी दालनावर दालने काढिली. नव्या तक्रारखान्याचे उद्घाटन संक्रांतीस जाहले आणि त्याच दुपारी तो बंद पडला. वामन आचारी सांगू गेले की तक्रारखाना चालत नाही, परंतु सांगावे कोठे हे त्यांस समजेना. लीलाताईंनी दोन दिवस वाट पाहिली आणि आपल्या मोबाइलात आचारी-यजमानांचा एक गट काढला. त्याचे नाव त्यांनी तक्रार ठेविले. आरंभी एक तक्रार घालण्याचा रिवाज तेथेही राहिला.

हात न लावण्याची अट मोडली म्हणून अण्णासाहेबांचा आश्रय सुटला, आणि माघ शुद्ध प्रतिपदेस सरकार त्यांचे दुकानी रुजू जाहले. काम बरे करतात. गिऱ्हाइकाने फ्रेम आवडली नाही म्हटले तर उत्तर देत नाहीत, दुसरी काढून दाखवितात. सायंकाळी सातास घरी असतात. ऋजुताबाईंस दुसऱ्या राज्यात चाकरी लागली.

एकंदर हकीकत इतकी. राज्य चार मास चालले. तक्रारी एकशे बेचाळीस, त्यांस उत्तरे एकशे एकेचाळीस. नगराच्या नावाची मुदत पुढे कोणी वाढविली नाही, ते दुसऱ्या कोणी घेतले. तेथे आता पावसाळी बूट मिळतात, आणि मागविले तर चार दिवसांत येतात.