खळ्यावरचे टेनिस

माझे अक्षर वाकडे आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाची मला कधीच खात्री नसते. ही वही कुणाच्या हाती लागलीच, तर आधीच माफी मागून ठेवते. चौथी झाली, हातातली पाटी गेली आणि परात आली. पण हवालदारमामंजींबद्दल कुणीतरी लिहून ठेवायला हवे, आणि घरातले दुसरे लिहिता येणारे माणूस, म्हणजे माझ्या इंदूचे वडील, पलटणीत आहेत.

मामंजी माझे चुलत सासरे. बावीस वर्षे पलटणीत काढून, लढाई संपल्यावर कोरेगावाजवळच्या आमच्या गावी परत आले. आल्या आठवड्यातच भर बाजारात एका बाईच्या पाटीतून लिंबू घरंगळले. मामंजी कमरेत वाकून असे धावले, की कुत्रीसुद्धा बाजूला झाली. लिंबू उचलले, हात पाठीमागे बांधून ताठ उभे राहिले, आणि बाईने मान वळवल्यावर एका टप्प्यात बरोबर तिच्या ओंजळीत टाकले. पन्नाशीकडे झुकलेला माणूस! सारा बाजार हसला. पुढे पोरे त्यांना पाहून मुद्दाम बोरे सांडू लागली. मामंजी प्रत्येक बोर धावून उचलायचे. हसणाऱ्याला म्हणायचे, "हासा गड्यांनो. हासल्यानं छाती रुंद हुती. पर टेनिसनं जास्ती हुती."

टेनिस हे त्यांचे औषध. गावात ताप आला तर वैद्य आणि साप चावला तर मांत्रिक. बाकी सगळ्याला मामंजी टेनिस सांगायचे. पोरगे तिरळे बघते? टेनिस. खोटे बोलते? टेनिस. एकाने तक्रार केली, की थोरला धाकट्याला बडवतो. मामंजी म्हणाले, "मधी जाळी बांध आन् दोगांच्या हातात रॅकेट दे. रागबी निगतो आन् माणूसबी शाबूत ऱ्हातं." पोरांना चेंडूची वाट बघायला शिकवले पाहिजे, असे त्यांचे ठाम मत होते. "ज्येला चेंडूची वाट बघता येती, त्येला पावसाची बी येती, पगाराची बी येती."

शाळेतल्या गुरुजींशी मात्र त्यांचे हिशेबावरून वाजले. टेनिसात गुण पंधरा, तीस, चाळीस असे मोजतात म्हणे. गुरुजी म्हणाले, "पंधरा त्रिक पंचेचाळीस होतात, हवालदार. पोरांचे पाढे बिघडवू नका."

"पंचेचाळीसच हुतं गुरुजी," मामंजी म्हणाले, "पाच लेव्हीला गेलं."

त्या वर्षी ज्याच्या त्याच्या घरचे धान्य सरकारच्या सक्तीच्या लेव्हीला गेले होते. गुरुजींचेही गेले होते. 

पण त्याच गुरुजींनी मला मोठ्या घोरात टाकले होते. माझी इंदू सात वर्षांची. घरात माझ्या कानाशी कुजबुजायची, पण उंबऱ्याबाहेर तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. हजेरीला नाव पुकारले की मान खाली. गुरुजींनी सांगून टाकले, "उन्हाळ्याची सुट्टी संपल्यावर हजेरीला 'हजर' म्हणाली तर ठेवतो. नाहीतर घरीच राहू द्या."

पोरगी माझ्यावरच गेली होती. मी तरी कुणाशी कुठे बोलते? मामंजी ओसरीवर आले की मी पदर ओढून दाराआड. माझे म्हणणे सासूबाईंनी त्यांना सांगायचे आणि त्यांचे मला, मध्ये चार हातांचेही अंतर नसताना. पण माझ्या गप्प बसण्याला सगळे चांगले वळण म्हणत, आणि इंदूला मुकी म्हणू लागले होते. तिचीही पाटी जाणार आणि परात येणार, या विचाराने मला भाकरी जात नव्हती.

मामंजी सासूबाईंना म्हणाले, "वैनी, सूनबाईला सांगा. पोरगी माज्या हवाली करा. टेनिस शिकवतो."

"वाचा फुटायला देवाला जायाचं सोडून चेंडू कशाला वो, भावजी?"

"देव हाईच. पर त्येला मदत नगं का?"

पलटणीतले साहेब विलायतेला जाताना टाकून गेलेल्या दोन फाटक्या रॅकेटी त्यांच्याजवळ होत्या. नवे चेंडू साताऱ्याहून आणायचे होते आणि रॅकेटींना तात, म्हणजे आतड्याची दोरी, बसवायची होती. पैसे नव्हते. मी तूप विकून सात रुपये साठवले होते, हे सासूबाईंना ठाऊक होते, म्हणजे मामंजींनाही ठाऊक होते. "सूनबाईला सांगा," ते दाराकडे बघत म्हणाले, "पोरगी हजर म्हनली तर सात रुपय माजी फी. न्हाई म्हनली तर पै न् पै परत."

मी दाराआडूनच पैसे सरकवले.

रब्बीची मळणी उरकली होती आणि खळे रिकामे होते. तिथेच कोर्ट झाले. खळ्याच्या मधोमध मळणीचे बैल ज्याभोवती फिरतात तो तिवड्याचा खांब उभा, तो मामंजींनी उपटू दिला नाही. त्यालाच जाळी बांधली. जाळी म्हणजे धनगराची वाघर, मेंढरे कोंडायची. सांगलीकडचा एक पिंजारी गाद्या पिंजायला आला होता, त्याने आपल्या कापूस पिंजायच्या धनुकलीची तात रॅकेटींना ओढून दिली. खळ्यावर पायताण घालायचे नाही, म्हणून टेनिस अनवाणी. आणि रेघा? त्या मी घातल्या. सकाळी शेणाने सारवायचे आणि वर रांगोळीच्या रेघा ओढायच्या. माझे अक्षर वाकडे असले तरी रांगोळीची रेघ सरळ येते. दुसऱ्या टोकाने इंदू ओढत यायची. संध्याकाळी पोरांच्या पायांनी सगळे पुसायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

महिनाभर पोरांचा नुसता धुरळा उडाला. मामंजी तिवड्याजवळ उभे. "डोळं चेंडूवर! तोंड मिट! गुडघं वाकीव रं, का लगीन ठरलंय तुजं?" चेंडू बाहेर गेला, की हा गुरूच कमरेत वाकून पळायचा, उचलायचा आणि हात पाठीमागे. स्वतः कधी रॅकेट धरली नाही. "पंचानं खेळायचं नसतं," म्हणायचे.

इंदू चांगली खेळू लागली. तिचे डोळे चेंडूमागे कसे पळायचे! पण तोंड बंदच. मी रोज मनात दिवस मोजत होते.

शाळा उघडायला चार दिवस उरले. आभाळ भरून आले म्हणून बाकीची पोरे घरी पळाली. खळ्यावर मामंजी, इंदू आणि शेणाची पाटी घेऊन मी. इंदूला खेळायला कुणी उरले नाही. ती उगाच इकडेतिकडे बघत राहिली. मग तिने पडलेली दुसरी रॅकेट उचलली आणि मामंजींपुढे धरली.

"मी? न्हाई गं. मी पंच हाय."

तिने ती धरूनच ठेवली.

मामंजींनी रॅकेट घेतली, नवीन वासरू हातात घ्यावे तशी. दोन चेंडू हुकले. तिसऱ्याला लागली. इंदूने परत मारला, मामंजींनीही मारला. चेंडू तिच्या डोक्यावरून गेला, मागच्या रेघेच्या वीतभर पलीकडे पडला. आणि आमचे मामंजी दोन्ही हात वर करून उडीच मारून ओरडले, "आत! आत हाय! गुण माजा!"

"औट!"

मी पाटी खाली टाकली.

इंदू रेघेवर उभी होती, लालबुंद. "औट हाय, आबा! रांगोळी मोडली न्हाई! मी आन् आयनं घातलीया, बघा की! औट!"

मामंजी रेघेपर्यंत चालत आले. वाकून पाहिले. "औट," ते म्हणाले आणि तिथेच खाली बसले. त्यांचा चेहरा मला दिसला नाही. इंदू त्यांच्याभोवती फिरत बडबडत होती. कुठला चेंडू कुठे पडला, कोण किती वेळा खोटे खेळले, महिनाभराचे सगळे तिच्यापाशी साठले होते.

शाळा उघडली. नाव पुकारले तेव्हा इंदू "हजर" म्हणाली. हळू म्हणाली, पण गुरुजींनी ऐकले.

त्या संध्याकाळी सासूबाई शेजारी गेल्या असताना मामंजी दारात आले आणि उंबऱ्यावर सात रुपये मांडून ठेवले. मध्ये सांगणारे कुणीच नव्हते. मी पदर नीट केला आणि बोलले. "मामंजी, पोरगी बोलली. पैसे तुमचे झाले."

त्यांनी हात पाठीमागे बांधले.

"बावीस वर्सं सायबांचं चेंडू उचललं, सूनबाई. रॅकेट हातात यायची ती पुसायला. खेळतोस का, म्हनून कुनी इचारलं न्हाई. तुज्या पोरीनं इचारलं, त्ये बी तोंड न उघडता." मग जरा हसले. "शिकलो मी. मग फी कुनी द्यायची?"

ते गेल्यावर मी रुपये मोजले. सातच्या सात होते. पदराच्या टोकाला बांधले आणि गाठ मारली.