एका भट्टीतले डगले

बस्त्यांव शिंप्याने परटाचं गाठोडं सोडलं आणि तो मटकन खाली बसला. आत बंधुमंडळाचे डगले होते, फादर लिगोरींचे दोन्ही झगे होते, आणि सगळं एकसारखं गुलाबी होतं. धुवायला देताना डगले लाल होते आणि झगे पांढरेशुभ्र.

"भरमू, ह्ये काय केलंस रं?"

"म्या न्हाय, भट्टीनं केलं," भरमू परीट म्हणाला. "सणाची घाई हाय, समदं एकदम घाल, आसं तुमीच म्हणालासा. निपाणीचं कापड, पक्का रंग, त्ये पन तुमीच."

बस्त्यांव तसं म्हणाला होता खरा.

हिंडलग्याच्या वाटेवरच्या एका लहानशा ख्रिस्ती देवळात सांत अंतोन या संताचं बंधुमंडळ आजोबा-पणजोबांपासून चालत आलं होतं. त्यात पाद्री कुणी नाही, सगळे संसारी. शिंपी, सुतार, पाववाला, गाडीवान. मयताला खांदा द्यायचा, खड्डा खणायचा, विधवेच्या घरी तांदूळ पोचवायचे आणि वर्षातून एकदा, सणाच्या मिरवणुकीत, लाल डगले घालून संताच्या मूर्तीवरच्या कापडी छताच्या, चांदव्याच्या, चार दांड्या धरायच्या. खड्डा खणताना बघायला कुणी येत नसे. दांडी धरलेली मात्र सगळा गाव बघे. बस्त्यांव मंडळाचा प्रमुख, त्यामुळे त्याचा जीव त्या दांडीत अडकलेला.

मंगळूरहून आलेल्या फादर लिगोरींना हे पटत नव्हतं. "मंडळ देवळासाठी आहे, देऊळ मंडळासाठी नाही," ते म्हणाले होते. "चांदवा कुणी धरायचा ते मी ठरवणार."

"आन् खड्डं कोन खणायचं, त्ये बी तुमीच ठरवा की," बस्त्यांव बोलून गेला होता. तेव्हापासून बोलणं बंद. तक्रार बिशपसाहेबांकडे गेली आणि आज सणाला साहेब स्वतः येऊन निकाल देणार होते.

"आता डगलं काय, मंडळच बुडालं," बस्त्यांव म्हणाला.

"बुडतंय कशानं?" त्याची बायको नातालबाई पदर खोचून पुढे आली. "नीळ घाला. निळीनं पांढरं हुतंय." आणि कुणी काही म्हणायच्या आत तिने एक झगा निळीच्या बादलीत बुचकळला सुद्धा. बाहेर निघाला तो जांभळा.

दोन्ही झगे घेऊन बस्त्यांव फादरांच्या दारात उभा राहिला. फादर नुसत्या सदऱ्यावर येरझाऱ्या घालत होते. दोन्ही झगे परटाकडे, अंगात घालायला तिसरा नव्हता.

"हे काय?"

"झगं, फादर."

"कुणाचे?"

"तुमचंच."

फादरांनी जांभळा उचलला आणि चटका बसल्यासारखा टाकला. "जांभळा बिशपांचा रंग! हा घालून साहेबांपुढं उभा राहू? त्यांच्या खुर्चीवर माझा डोळा आहे असं वाटेल त्यांना!"

"मग गुलाबी घाला," बस्त्यांव हळूच म्हणाला. "गुलाबी कुनाचाच न्हाय."

तेवढ्यात बाहेर मोटारीचा भोंगा वाजला.

म्हातारे बिशपसाहेब मोटारीतून उतरले. समोर देवळाच्या पायऱ्यांवर गुलाबी मंडळ ओळीने उभं, आणि मधोमध गुलाबी फादर. साहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"लिगोरी," साहेब म्हणाले, आणि त्यांचे डोळे पाणावले. "इथं पाद्री आणि मंडळ यांचं पटत नाही असं मला कळवलं होतं. आणि तू तर त्यांचाच रंग अंगावर घेतलास!"

फादर खोटं बोलणारे नव्हते. खरं सांगायची मात्र त्यांना छाती होईना. "रंग... लागला खरा," एवढंच ते म्हणाले.

"मग निकाल कसला द्यायचा? चांदवा मंडळच धरेल. आणि तूही त्यांच्यातलाच, तेव्हा एक दांडी तुझी."

पाववाल्या कैतानने आपली दांडी इतक्या चटकन फादरांच्या हातात दिली की साहेबांना तीही भक्तीच वाटली.

दांड्या सागवानी, चांदवा जाड मखमलीचा. त्यातून वारा सुटला. साहेब त्याच्याखाली, हातात सांत अंतोनची मूर्ती घेऊन, प्रत्येक दारापुढे थांबत, आशीर्वाद देत, म्हाताऱ्यांची चौकशी करत सावकाश चालले होते. फादरांची दांडी हळूहळू कलायला लागली.

"वर धरा, फादर," मागून बस्त्यांव कुजबुजला. "झालर सायबांच्या नाकावर आलीया."

"धरलीय रे!"

"आनखी वर. आन् हसरं तोंड करा, बाया बघाल्यात."

अख्खा गाव फिरून मिरवणूक देवळात परतली तेव्हा कुठे फादरांनी दांडी खाली ठेवली. साहेब जेवून, तृप्त होऊन मोटारीत बसले. धुरळा खाली बसेपर्यंत फादर आणि बस्त्यांव दोघेही वाटेकडे बघत राहिले. आता आपली कंबख्ती, असं समजून बस्त्यांवने मान खाली घातली.

फादर मात्र पायरीवर बसून खांदा चोळत होते.

"बस्त्यांव, तुम्ही हे दरवर्षी करता?"

"व्हय, फादर."

"चारही दांड्या अशाच जड?"

"न्हाय की. मागची डावी हलकी. तिला वारं लागत न्हाय."

"मग पुढच्या वर्षी मागची डावी मला."

"ती मंडळाच्या प्रमुखाची असतीया, फादर."

फादर इकडेतिकडे बघून हलक्या आवाजात म्हणाले, "प्रमुख व्हायला काय करावं लागतं?"

बस्त्यांवने डगल्याची गुंडी सोडली आणि तोही त्यांच्या शेजारी पायरीवर टेकला.

"निवडून यावं लागतंय," तो म्हणाला. "उभं ऱ्हावा. बघू कोन कोन मत देतंय."