पिंगळेकाका सिनेमा तपासतात

सोमवारी सकाळी पिंगळेकाका गेले.

आदल्या संध्याकाळी त्यांनी मला जिन्यात थांबवलं होतं. कोपऱ्यावरच्या हॉटेलातल्या मिसळीत मागच्या महिन्यापेक्षा मटकी कमी झाली आहे, हे त्यांना सांगायचं होतं. त्यांनी ते अंदाजाने ठरवलं नव्हतं. मागच्या महिन्यातल्या प्लेटचा फोटो त्यांच्या मोबाइलमध्ये होता आणि तो त्यांनी वेटरला दाखवला होता. ‘नमुन्याबरहुकूम नाही,’ असं त्याला समजावलं होतं. वेटरने मुकाट्याने आणखी मटकी आणून घातली. मग काका त्याला म्हणाले, आता जास्त झाली.

जेलरोडच्या आमच्या सोसायटीत ते माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायचे. मूळचे मखमलाबादचे, घरचा भाजीपाला. भाऊ शेतीत राहिले आणि हे पोस्टाची तिकिटं छापणाऱ्या छापखान्यात लागले. एकतीस वर्षं त्यांचं काम एकच होतं. छापून आलेला कागद मंजूर नमुन्याशेजारी ठेवायचा, भिंगातून पाहायचा आणि केसाएवढा फरक दिसला की लाल पेन्सिलने फुली मारायची. निवृत्तीनंतर छापखाना सुटला, पेन्सिल सुटली नाही. पुतण्याच्या लग्नात ते हातात पत्रिका घेऊन मांडवात उभे राहिले आणि मुहूर्त बारा मिनिटांनी हुकल्याचं भटजींना, वरमाईला आणि व्हिडिओवाल्याला वेगवेगळं गाठून कळवलं. त्यांचे धाकटे भाऊ मला तिथेच म्हणाले, “दादाला आमचं वांगं दाखवू नका. नापास करंल.”

मला ते प्रोफेसर म्हणायचे. मी कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम केलं. हे मी त्यांना चार-पाचदा सांगून पाहिलं. आयुष्यात त्यांनी चालवून घेतलेला हा एकच फरक असावा, असं मला वाटायचं. तसं नव्हतं.

त्यांच्या घरात गोष्टीचं पुस्तक एकच होतं. वाळवंटात गडप झालेलं शहर शोधायला चार जण निघतात, ती जुनी साहसकथा. आमच्या पिढीतल्या बहुतेकांनी ती वर्गात बाकाखाली धरून वाचली आहे. शेवटी दगडी दरवाजा कोसळू लागतो, म्हातारा वाटाड्या तो पाठीवर पेलून धरतो, बाकीचे सुटतात आणि तो वाळूखाली राहतो. शालनकाकू शेवटचं वर्ष अंथरुणावर होत्या, तेव्हा काका रोज दुपारी त्यांना त्यातलं थोडं थोडं वाचून दाखवायचे. पुस्तक संपवून पुन्हा पहिल्यापासून, असं नाही. मध्येच थांबून, मागची पानं परत वाचून त्यांनी ते वर्षभर पुरवलं. भिंतीपलीकडून मला आवाज यायचा. काकू गेल्या आणि तो आवाज थांबला.

चार वर्षांनी त्या गोष्टीवर नवा सिनेमा आला. काकांच्या मुलीने, मंगलने, पुण्याहून दोन तिकिटं काढली आणि मला फोन केला. “तुम्ही बरोबर जा. बाबा तिथे कुणाशीतरी भांडतील.”

मला भांडणाची काळजी नव्हती. जुन्या गोष्टींचं सिनेमात काय होतं, ते मी पाहिलेलं आहे. काकूंबरोबरच्या त्या दुपारींतलं काकांपाशी उरलं होतं ते एवढंच. ते डोळ्यांदेखत बिघडलं, तर घरी परत येताना रिक्षात मी त्यांच्याशी काय बोलणार होतो?

रविवारी सकाळच्या खेळाला गेलो. काकांच्या पिशवीत पुस्तक, भिंग आणि पेन्सिल होती. दारावरच्या रखवालदाराने भिंग उलटसुलट करून पाहिलं.

“याचं इथं काय काम, बाबा?”

“तपासणी,” काका म्हणाले.

सरकारी आवाज ओळखून त्याने सोडलं.

काकांनी पुस्तक मांडीवर उघडलं. पहिल्या पाच मिनिटांत चौघांपैकी एक जण बाई निघाली. फुली. शहर शोधायचं कारणच बदललं. फुली. पुस्तकात दोन ओळींपुरता असलेला उंट इथे जवळजवळ नायक होता. खलनायकाने मोठ्या रुबाबात नकाशा उलगडला आणि उंट त्याच्यावर थुंकला. काकांनी फुली मारली, पण मारताना त्यांचे खांदे हसण्याने हलत होते.

“पुस्तकात थुंकत नाही,” त्यांनी मला सांगितलं.

पुढच्या रांगेतली मुलगी वळली. “आजोबा, स्टोरी नका ना सांगू.”

“सांगत नाही बाळा, तपासतोय.”

“मग मनात तपासा.”

मध्यंतरापर्यंत सव्वीस फुल्या झाल्या. “बंडल आहे ना?” मी सावधपणे विचारलं.

“बंडलच. पण उंट लय भारी आहे, प्रोफेसर.” आणि ते पॉपकॉर्नच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

माझी पंचाईत वेगळीच होती. मलाही मजा येत होती. पुस्तकांत जन्म काढलेल्या माणसाला हे कबूल करणं जड जातं. पण वादळातला तो पाठलाग संपेपर्यंत मी चष्मा पुसायचासुद्धा थांबलो होतो.

मग दरवाजा कोसळू लागला. वाटाड्याने तो पाठीवर घेतला. काकांनी मांडीवरचं पुस्तक मिटलं. वाळू आली आणि सगळं झाकून गेलं. बराच वेळ पडद्यावर नुसती वाळू होती. मग ती हलली, तिच्यातून उंट उठला आणि उंटाच्या आडोशाने वाटाड्या उठला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

झालं, मला वाटलं. मी पुढच्या फुलीची वाट पाहत राहिलो. पेन्सिल काकांच्या बोटांत होती, पण हात हलला नाही. नावं संपली, दिवे लागले, झाडूवाल्या बाई रांगेत येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा कुठे ते उठले.

बाहेर चहा घेताना मीच विषय काढला. “शेवट बदलला त्यांनी. तो मरायला हवा होता.”

“पुस्तकात मरतो,” काका म्हणाले. त्यांनी दोन घोट घेतले. “ती मला म्हणायची, याला मारू नका हो. जसं काही मीच लिहिलंय. शेवटच्या प्रकरणाला तिला बसवतही नव्हतं. विचारलं, परत येतो ना हो? पान माझ्या डोळ्यांसमोर होतं, प्रोफेसर. म्हटलं, येतो. आणि दीड पान मनाचं वाचलं. वाळूतून उठतो आणि चालत घरी येतो, असं.”

“मग?”

“मग काय. बरं झालं म्हणाली आणि झोपली. आठवड्याने गेली. एकतीस वर्षं केसाएवढा फरक सोडला नाही आणि शेवटी तिलाच खोटा कागद पास करून दिला. चार वर्षं हेच डोक्यात.”

मी विचारलं, “आणि आता?”

“आता एवढी मोठमोठी माणसं, एवढा मोठा सिनेमा काढतात. त्या सगळ्यांना काय वेड लागलंय?” त्यांनी कप खाली ठेवला. “उंट तेवढा मला सुचला नाही. मी आपला त्याला पायी आणला.”

त्यानंतरचे आठ रविवार आम्ही सकाळच्या खेळाला गेलो. लागेल तो सिनेमा पाहिला. एकदा भुताचा होता. काका पिशवी घरी ठेवून यायचे.

आता शेजारचा फ्लॅट बंद असतो. महिन्यातून एकदा मंगल येऊन खिडक्या उघडते आणि संध्याकाळी परत जाते. रविवारी सकाळी मी घरी असतो.