वरून आलेला आदेश

सोमवारी बरोबर अकरा वाजता ऑफिसातली बेचाळीस माणसं एकदम खुर्चीतून उठली, तेव्हा नियमकाकांना वाटलं की कुठेतरी आग लागली. पण कोणी पळत नव्हतं. सगळे शांतपणे पाण्याच्या कूलरकडे निघाले होते. मॅनेजरसाहेबही आपल्या केबिनमधून रिकामा पेला घेऊन बाहेर आले आणि रांगेत उभे राहिले.

नियमकाकांनी शेजारच्या टेबलावरच्या पडद्याकडे पाहिलं. पडद्याच्या मधोमध पिवळी चौकट होती आणि तिच्यात लिहिलं होतं, ‘अहो, अकरा वाजले. उठा. पाणी प्या. जरा पाय मोकळे करा.’

नियमकाकांच्या घशाला कोरड पडली. पण कूलरपाशी आता जागा नव्हती.

ती अक्षरं त्यांच्या बायकोची होती. म्हणजे अक्षरं यंत्राचीच, पण बोलणं तिचं.

ही लिफ्ट दुरुस्त करणारी कंपनी. नियमकाका तिथले हेडक्लार्क. त्यांचं खरं नाव पगाराच्या यादीत होतं, पण ते कुणी वापरत नसे. फॉर्मशिवाय टाचणी द्यायची नाही, सहीशिवाय पंखा हलवायचा नाही, असा त्यांचा सव्वीस वर्षांचा लौकिक. कूलरच्या वर काचेच्या चौकटीत एक सूचना लावलेली होती, ‘ऑफिसच्या संगणकावर घरगुती स्वरूपाचे काहीही ठेवू नये.’ खाली सही नियमकाकांची.

गेल्या वर्षी त्यांचा पाय मोडला. दोन महिने ते घरी बसून काम करत होते आणि ऑफिसचा संगणक स्वयंपाकघराशेजारच्या टेबलावर होता. बायको एका शाळेच्या कार्यालयातून निवृत्त झालेली, संगणक तिला काकांपेक्षा चांगला येत होता. दिवसभर हाका मारून तिचा घसा बसायला लागला, तेव्हा तिने ते काम यंत्राला लावून दिलं. कोणत्या वारी, किती वाजता, काय सांगायचं ते सगळं भरून टाकलं. पाय बरा झाला, संगणक ऑफिसात परत आला आणि त्याच्या पोटात बसून बायकोही आली.

काका म्हणायचे, “मला ते काढता येत नाही.” ते खरं होतं. काढायला कोणाला सांगितलंही नव्हतं, तेही खरं होतं. अकरा वाजले की ते पडदा हळूच भिंतीकडे वळवत, निरोप वाचत, बरं वाटून घेत आणि पुन्हा कामाला लागत. पाणी मात्र पीत नसत.

रांग पांगल्यावर काका तडक मागच्या खोलीत गेले. तिथे संगणकवाल्या बाई मोठ्या काळ्या कपाटासमोर बसल्या होत्या. पस्तिशीच्या, स्वतःचा छोटा धंदा असलेल्या. शनिवार-रविवार खपून त्यांनी ऑफिसची सगळी व्यवस्था बदलली होती. आता टेबलांवर नुसते पडदे होते. खरं यंत्र या कपाटात. एकच नमुना तयार करायचा आणि रोज सकाळी त्याची कोरी करकरीत प्रत प्रत्येकाच्या पडद्यावर पाठवायची. एक आठवडा हे चाचणीवर होतं. नीट चाललं, तर बाईंना कंपनीच्या आणखी तीन शाखांचं काम मिळणार होतं.

“बाई,” काका दार लावून घेत म्हणाले, “तो नमुना तुम्ही कोणाच्या संगणकावरून बनवलात?”

“तुमच्या, काका. सगळे उघडून बघितले मी. कोणाकडे नटनट्यांचे फोटो, कोणाकडे पत्त्यांचे खेळ. एकाकडे तर मेव्हणीच्या लग्नाचे चारशे फोटो. तुमचा तेवढा धुतल्या तांदळासारखा.”

“त्या तांदळात खडा होता.”

काकांनी सांगितलं. बाई ऐकत गेल्या आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

“अरे देवा. म्हणजे तुमच्या घरच्या गोष्टी मी सगळ्यांना वाटल्या? काका, हे साहेबांना कळलं तर मला ते दारात उभं करणार नाहीत.”

“आणि मला कळलं... म्हणजे माझं कळलं, तर ती कूलरवरची पाटी मला गळ्यात घालून फिरावं लागेल. काढून टाका ना ते. आत्ता.”

“नमुन्याला हात लावायचा तर बदलाचा फॉर्म लागतो. त्यावर कारण आणि साहेबांची सही. कोणी, कधी, काय बदललं ते यंत्र लिहून ठेवतं.”

“हा नियम कोणी केला?”

बाईंनी कपाटावर चिकटवलेल्या कागदाकडे पाहिलं. सही ओळखीची होती.

“बरं, माझ्या पडद्यावरून मी पुसून टाकलं तर?”

“तुमच्यापुरतं पुसेल. उद्या सकाळी कोरी प्रत आली की पुन्हा हजर.”

“हिचं घरीही असंच आहे,” काका म्हणाले.

बाहेर एव्हाना चर्चेला ऊत आला होता. टेलिफोनवरच्या बाई म्हणत होत्या, “हे साहेबांचं नाही. साहेब ‘अहो’ म्हणतील का कधी?” साहेबांनीच मग केबिनच्या दारात येऊन खुलासा केला.

“हे वरून आलंय. मुख्य कार्यालयाचं मागच्या महिन्यात पत्र होतं ना, कर्मचाऱ्यांच्या तब्येतीकडे लक्ष द्या म्हणून? नवी व्यवस्था त्यासाठीच असणार. आणि लक्षात घ्या, मुख्य कार्यालयाने जन्मात पहिल्यांदा आपल्याला ‘अहो’ म्हटलंय. त्याचा मान राखा.”

साडेपाचला पडद्यावर आलं, ‘अहो, निघा आता. कंपनी उद्याही तिथेच असणार आहे.’ साहेबांनी ते दोनदा वाचलं, बॅग उचलली आणि निघाले. साहेबच निघाल्यावर बाकीचे कशाला थांबतात? पावणेसहाला काका घरी पोचले, तेव्हा बायको घाबरली.

“काय हो, बरं वाटत नाही का?”

“बरं आहे.”

“मग ऑफिस बुडालं का?”

“अजून नाही,” काका म्हणाले.

मंगळवारी दुपारी निरोप आला, ‘अहो, नखं कापा. फायलीत अडकतात.’ ऑफिसात नेलकटर एकच होता, शिपायाचा. तो टेबलाटेबलावर फिरला आणि दर वेळी शिपाई त्याच्यामागे फिरला. साहेबांनी आपले हात सगळ्यांना उलटसुलट करून दाखवले. काकांनी आपले हात टेबलाखाली ठेवले.

त्या संध्याकाळी काकांनी घरी विषय काढून पाहिला. “तू ते निरोप लावून ठेवलेस ना, ते बंद करायचे झाले तर...”

बायकोच्या हातातलं भांडं थांबलं. “नकोसे झाले का?”

“छे छे. सहज विचारलं.”

“नकोसे झाले तर सांगा हो. मी काही चिकटून बसणाऱ्यातली नाही.”

“मी म्हटलं का तसं?”

विषय तिथेच संपला.

बुधवारचा निरोप काकांना पाठ होता. तरी तो आला तेव्हा त्यांचा हात सवयीने पडदा भिंतीकडे वळवायला गेला. ‘अहो, बहिणीला फोन करा. तिने केला नाही म्हणून आपण करायचा नाही, असं कुठे लिहिलंय?’

पाच मिनिटांत ऑफिसचे सगळे फोन गुंतले. कुठेतरी लिफ्टमध्ये अडकलेला एक माणूस वीस मिनिटं कंपनीला फोन लावत होता. शेवटी लागला, तेव्हा टेलिफोनवरच्या बाई त्याला म्हणाल्या, “माणूस निघालाच आहे, साहेब. तोवर तुम्हीही बहिणीला फोन करून घ्या.” ज्याला बहीण नव्हती त्याने मावसबहीण शोधली. स्टोअरमधला आडदांड गडी बहिणीशी सहा वर्षं बोलत नव्हता. तो जिन्यात जाऊन फोन करून आला. त्याचे डोळे लाल होते आणि तो सगळ्यांना सांगत सुटला, “ती म्हणाली, मूर्खा, जेवायला ये. मूर्खा म्हणाली! अजून तशीच आहे.”

साहेब केबिनमध्ये मोठमोठ्याने हसत होते. त्यांच्या हसण्याचा आवाज कसा असतो हे ऑफिसला त्या दिवशी कळलं.

काकांनी फोनला हात लावला नाही. ते शुक्रवारचा विचार करत होते. पाणी, नखं, बहीण इथपर्यंत मुख्य कार्यालय म्हणून खपून गेलं. शुक्रवारचा निरोप मुख्य कार्यालय म्हणून खपण्यासारखा नव्हता. तो निरोप वाचला की शेंबड्या पोरालाही कळलं असतं की हे कुणाच्या तरी बायकोचं आहे. आणि अकरा वाजता पडदा भिंतीकडे वळवणारा माणूस ऑफिसात एकच होता.

गुरुवारी त्यांनी स्वतःच्या हाताने बदलाचा फॉर्म भरला. कारणाच्या रकान्यात ‘अनावश्यक’ असं लिहिलं आणि साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी चष्मा लावला, काढला.

“अनावश्यक? कोण म्हणतं?”

“साहेब, कामात व्यत्यय येतो.”

“अहो, माझी रोजची डोकेदुखी गेली चार दिवसांत! डॉक्टर दोन वर्षं सांगत होता पाणी प्या, पाणी प्या. मी ऐकलं का? वरून आल्यावर ऐकलं. आणि वरून आलेली गोष्ट खालून काढायची? तुम्ही सांगताय हे? नियमकाका, तुमची तब्येत ठीक आहे ना?”

“ठीक आहे, साहेब.”

“दिसत नाही. तुम्ही पाणी पीत नाही, मी बघतोय.”

सही न झालेला फॉर्म घेऊन काका मागच्या खोलीत गेले. बाईंनी तो पाहिला आणि सुस्कारा सोडला.

“काका, शुक्रवारी आहे तरी काय एवढं?”

काकांनी दाराकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि सांगितलं. बाईंनी तोंडावर पदर... पदर नव्हता, म्हणून फॉर्म धरला. त्यांचे खांदे हलत होते.

“हसा,” काका म्हणाले. “तीन शाखा चालल्यात तुमच्या.”

बाईंचे खांदे थांबले.

शुक्रवारी चारला पाच मिनिटं कमी असताना काका उठून जिन्यात जाऊन उभे राहिले. चार वाजले. आतला टकटक आवाज थांबला. काका मनातल्या मनात ती ओळ वाचत होते, ‘अहो, आज तरी बनियन आणा. आहेत त्यांना इतकी भोकं पडलीत की दोरीवर वाळत घालायची मला लाज वाटते. आणाल त्या दिवशी हा निरोप बंद करीन.’

ही ओळ अकरा महिने दर शुक्रवारी येत होती.

आतून ना हसण्याचा आवाज आला ना ओरडण्याचा. थोड्या वेळाने पुन्हा टकटक सुरू झाली. काका आत गेले. सगळे माना खाली घालून काम करत होते. दोघातिघांनी मात्र शर्टाच्या आत गुपचूप बोट घालून काहीतरी चाचपून पाहिलं.

साडेपाचला काका खाली उतरले आणि चालता चालता त्यांनी हिशोब केला. ज्या शुक्रवारी बनियन येतील, त्या शुक्रवारी निरोप बंद. बायको शब्दाची पक्की. ती सोमवारी स्वतः बाईंना सांगेल काय काढायचं ते, आणि फॉर्मवर कारण ‘आदेशाचं पालन झालं’ असं लिहिलं की साहेबही सही करतील. सुंठीवाचून खोकला गेला. अकरा महिन्यांपूर्वीच हे का केलं नाही?

कोपऱ्यावरच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. फळीपाशी स्टोअरमधला गडी होता, शिपाई होता, पाठीमागे सगळं ऑफिस होतं. टेलिफोनवरच्या बाईंच्या हातात चार खोकी होती.

“नवऱ्यासाठी,” त्या काकांना म्हणाल्या. “घरी फोन करून भोकं मोजायला सांगितली. सतरा निघाली.”

दुकानदार घामाघूम झाला होता. “आज आहे तरी काय? एका कंपनीतली सगळी माणसं बनियनच मागतायत!”

“वरून आदेश आहे,” शिपाई म्हणाला.

काका रेटत रेटत पुढे गेले. “पंच्याऐंशी नंबरचे दोन द्या.”

“संपले. शेवटचे दोन आत्ताच त्या साहेबांनी घेतले.”

काकांनी वळून पाहिलं. मॅनेजरसाहेब खोकं छातीशी धरून उभे होते. त्यांची छाती एकशे दहाची तरी असेल.

“साहेब, हे तुम्हाला कसे होतील?”

“होणार नाहीत,” साहेब म्हणाले. “पण माझा नंबर संपला. आणि आदेशात नंबर दिलेला नाही, बनियन आणा एवढंच आहे.” मग त्यांनी इकडेतिकडे पाहून आवाज हळू केला. “काय माणूस बसलाय हो मुख्य कार्यालयात! माझी मिसेस अगदी हेच शब्द दहा वर्षं म्हणतेय. लाज वाटते म्हणून. त्या माणसाला कळलं कसं?”

“घरोघरी मातीच्या चुली, साहेब.”

“त्या संगणकवाल्या बाईंचं पत्र मी आजच सही करून टाकलं. तिन्ही शाखांना हीच व्यवस्था. हाच नमुना, जसाच्या तसा.”

काका रिकाम्या हाताने घरी गेले. दोरीवर कालचे दोन बनियन वाळत होते आणि त्यांच्यातून पलीकडची भिंत दिसत होती.

“आणले का?” बायकोने विचारलं.

“संपले.”

“संपले? अकरा महिने दुकान भरलेलं होतं, नेमके आजच संपले?”

काका खुर्चीत बसले आणि त्यांनी सोमवारपासूनचं सगळं सांगितलं. कूलर, नेलकटर, लिफ्टमधला माणूस, साहेबांची एकशे दहाची छाती. बायको आधी उभी होती, मग बसली, मग हसता हसता तिने डोळे पुसले.

“म्हणजे बेचाळीस माणसांनी माझं ऐकलं,” ती म्हणाली. “पाणी प्यायले, नखं कापली, बहिणींना फोन केले, बनियन आणले. आणि ज्याच्यासाठी लिहिलं तो एकटा कोरडा, वाढलेल्या नखांचा, भोकाच्या बनियनचा.”

काकांनी आपल्या नखांकडे पाहिलं. ते उठले, माठातलं पाणी घेऊन उभ्या उभ्या प्यायले. बायको बघत होती, म्हणून आणखी एक पेला प्यायले. मग त्यांनी फोन उचलला आणि बहिणीचा नंबर लावला.

“कोण? तू?” पलीकडून बहीण म्हणाली. “काय रे, सूर्य कुठून उगवला आज? तू काही आपणहून फोन करणाऱ्यातला नाहीस. कोणी सांगितलं?”

काकांनी बायकोकडे पाहिलं. ती दोरीवरचे बनियन काढून, नीट घडी घालून, फडक्यांच्या ढिगावर ठेवत होती.

“वरून आदेश आलाय, ताई,” काका म्हणाले.