रामटेके सरांची चौदा घरं

आमचे रामटेके सर सकाळी कॉलेजात आले की चपला लॅबच्या दाराबाहेर काढतात, कॉम्प्युटरसमोर बसतात आणि त्यालाच विचारतात, "उठले का जी सगळे?"

मग हजेरी सुरू होते. दिघोरी, कोंढा, कारधा, पवनी... पडद्यावर एकेक नाव येतं आणि ते मोठ्याने वाचतात. तेरा गावं अशी वाचून होतात. चौदावं नाव मात्र ते वाचत नाहीत. नुसते ओठ हलतात. मी पलीकडच्या टेबलावर पेपर तपासायचं सोंग करत हे अकरा वर्षं पाहिलं आणि अकरा वर्षं माझ्या पोटात दुखलं.

ही नावं सरांच्या ‘घरां’ची. आता ही घरं काय भानगड आहे ते सांगतो. कॉलेजने भंगारात काढलेल्या एका मशीनवर रामटेके सर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम चालवतात. इथपर्यंत ठीक. पण त्या एका लिनक्सच्या पोटात त्यांनी आणखी चौदा पूर्ण लिनक्स बसवलेत. त्याला कंटेनर म्हणतात. स्टाफरूममध्ये सगळे ‘डबे’ म्हणायचे. डबा म्हटलं की सरांना राग येतो. "घर म्हणा जी," असं ते शिपायालाही सांगतात. पोरांना समजावून देतात की, बाप्पा, जिल्हा फुटला तेव्हा कलेक्टर दोन झाले, कचेऱ्या दोन झाल्या, पण वैनगंगा एकच राहिली ना? तसंच हे. खालचं मुळातलं इंजिन सगळ्यांना एकच, त्याला कर्नल म्हणतात. वर ज्याचा त्याचा संसार वेगळा. पोरं लगेच माना डोलावतात. मी हेच फळ्यावर आकृती काढून शिकवतो तेव्हा मागचा बाक झोपतो.

मी हेडाऊ, कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख. माझ्या ताब्यात आठ नवीकोरी मशीन. त्यातल्या एकावर मी दोन आभासी कॉम्प्युटर, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत आणखी कॉम्प्युटर, चालू केले की ते असं धापा टाकतं की पंखा बंद पडेल असं वाटतं. आणि या माणसाच्या भंगारावर चौदा घरं गुण्यागोविंदाने नांदतात. सांगा, कोणाला राग येणार नाही?

एकदा एका पोरीने विचारलं, सर, आपल्याला एक छोटा प्रोग्रामच चालवायचा तर अख्खं लिनक्स कशाला? तेवढाच भाग ठेवला तर भागत नाही का? प्रश्न चांगला होता. मीसुद्धा कान दिला. सर म्हणाले, भागते, पण मले नाही आवडत. मग बोटांवर मोजत सांगू लागले की घरात राहणाऱ्याचं नाव पायजे, त्याची किल्ली पायजे, सामान ठेवायला खोली पायजे, टपालाची पेटी पायजे. "नुस्तं काम करून घ्यायचं असन त छपरी पुरते. माणूस राहाचा असन त पुरं घर लागते." आता कॉम्प्युटरमध्ये कोणता माणूस राहणार आहे? पण वर्ग खूश.

आणखी एक सांगतो, मग माझी जळजळ तुम्हाला कळेल. माझ्या तासाला एका पोराने चुकून सगळं पुसून टाकणारी आज्ञा दिली, तर ते मशीन तीन दिवस बंद होतं आणि मी त्या पोराला वऱ्हांड्यात उभं केलं होतं. रामटेके सर तीच आज्ञा मुद्दाम द्यायला लावतात. कोंढा नावाचं घर त्यासाठीच आहे. "मोड ना बावा, पायजे तेवढं मोड," असं म्हणून बाजूला बसतात. पोरगं घाबरत घाबरत सगळं पुसतं. मग सर ठेवलेल्या प्रतीवरून अर्ध्या मिनिटात कोंढा पुन्हा उभं करतात आणि विचारतात, आता भीती गेली का? सुट्टी झाली तरी पोरं त्यांच्या टेबलापासून हलत नाहीत. माझ्या टेबलाजवळ फक्त गैरहजेरीचे अर्ज येतात.

आमचं बोलणं बंद होतं, हे सांगायचं राहिलं. अकरा वर्षांपूर्वी मी कॉलेजसाठी टाइमटेबल लावणारा एक प्रोग्राम लिहिला होता. दोन वर्षं घासली होती त्यावर. आयुष्यात स्वतःचं म्हणून मी तेवढंच केलं. मग नवी मशीन आली, नवं लिनक्स आलं आणि त्यावर माझा प्रोग्राम काही केल्या सुरू होईना. प्राचार्यांनी मीटिंगमध्ये विचारलं. मी घाम पुसत होतो, तेवढ्यात रामटेके सर उभे राहून म्हणाले, "प्रोग्राम बराबर हाय जी. त्याले जुनं घर पायजे." सगळी मीटिंग हसली. मला वाटलं, याने भरसभेत माझी टर उडवली. बाहेर आल्यावर त्यांना सांगितलं की त्या प्रोग्रामचं नाव पुन्हा माझ्यासमोर काढायचं नाही आणि माझ्याशी बोलायचंही नाही. ते म्हणाले, बरं जी. आणि पाळलं.

त्यानंतर टाइमटेबलचं काम रामटेके सरांकडे गेलं. दर टर्मला असं लागायचं की कोणाचा तास कोणावर आदळत नसे. सगळे कौतुक करायचे. हे म्हणायचे, "माझं नाही जी ते." मला वाटायचं, काय हा ढोंगीपणा!

शेवटी गेल्या महिन्यात माझ्याच्याने राहवलं नाही. मी लेखी तक्रार केली की रामटेके कॉलेजच्या मशीनवर खासगी काहीतरी ठेवतात आणि एका घराचं नावसुद्धा कोणाला सांगत नाहीत. प्राचार्यांनी मशीन माझ्या ताब्यात दिलं. प्रत्येक घर तपासायचं, निरुपयोगी असेल ते पुसायचं आणि यादीवर सही करायची. रामटेके सरांनी मास्टर पासवर्डचा कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि आपल्या जागी जाऊन जेवणाचा डबा उघडला. ते कारध्याहून सायकलने येतात. घरी एकटेच असतात. डबाही रोज त्या मशीनसमोरच बसून खातात.

मी माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवरूनच त्या मशीनमध्ये शिरलो आणि यादी उघडली. तेरा गावं. चौदावं नाव होतं ‘हेडाऊ’.

आत गेलो. ते माझं जुनं लिनक्स होतं, अकरा वर्षांपूर्वीचं, जसंच्या तसं उचलून आणलेलं. पासवर्ड विचारला. मुलीच्या नावाचा माझा तेव्हाचा पासवर्ड टाकला, तो चालला. आत माझा प्रोग्राम चालू होता. चालू टर्मचं टाइमटेबल त्यानेच लावलं होतं. मागची सगळीही त्यानेच लावली होती. आणि वरच्या ओळीत लिहून आलं होतं की तुमच्या नावाने टपाल आहे.

तेवीस पत्रं होती. बावीस जुनी, दर टर्मला एक. ‘हेडाऊ सर, याही टर्मले लागलं जी. गणितवाल्या मॅडम खूश हायत.’ ‘सर, आज प्राचार्यांनी तारीफ केली, तुमच्यापर्यंत पोचवतो.’ एका पत्रात नुसतं एवढंच, ‘आई गेली. कोणाले सांगू म्हणून इथं लिहिलो.’ बोलायचं नाही असं मी सांगितलं होतं. लिहायचं नाही असं सांगायला विसरलो होतो. तेविसावं त्याच दिवशी सकाळचं होतं. ‘सर, बाकीची तेरा मोडा, चालन. हे नका मोडू. हे तुमचं हाय.’

मला लाज वाटली. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती. यादीवर चौदाही घरांपुढे ‘उपयोगात’ लिहिलं, खाली तक्रार मागे घेतो म्हणून लिहिलं आणि सही केली. मग उठलो आणि त्यांच्या टेबलाजवळ जाऊन उभा राहिलो. 

त्यांनी मान वर न करता विचारलं, "कोणत्या टर्मपर्यंत वाचलं जी?"

"सगळी वाचली," मी म्हणालो.

"मंग सातवं पत्र पाहिलं असन. शनिवारी प्रॅक्टिकल दोनदा लागते. तो नियम तुम्ही कसा लिहिला, मले समजूनच नाही राहिला. अजून हातानंच दुरुस्त करतो."

मी खुर्ची ओढली. त्यांनी डबा सरकवून कीबोर्ड माझ्यापुढे केला.